बोटाखालची दुर्री

संध्याकाळी सव्वासहा वाजता, शेवटच्या डावाचे चार हात झालेले असताना, समोरच्या जोडीतल्या वकिलांनी आपली पानं टेबलावर पालथी ठेवली आणि पंचांना हाक मारली.

"डमीनं पानाला बोट लावलंय. कुणी सांगितलेलं नसताना."

डमी म्हणजे दादा. ब्रिजच्या नियमाप्रमाणे त्यांची पानं टेबलावर उघडी मांडलेली होती आणि दोघांचाही खेळ त्यांची धाकटी बहीण एकटी खेळत होती. ती सांगेल ते पान उचलून मध्ये ठेवायचं, एवढंच दादांचं काम. तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं, आणि दादांची तर्जनी बदामाच्या दुर्रीवर टेकलेली होती.

"बोट काढा, दादा," पंच म्हणाले.

चटका बसावा तसं दादांनी बोट काढलं.

"डाव पुढे चालू द्या," पंचांनी सांगितलं. "संपल्यावर बघतो. बोटामुळे काही सुचवलं गेलं आणि त्यानं वकीलसाहेबांचं नुकसान झालं असं दिसलं, तर निकाल फिरवावा लागेल."

क्लबचा हॉल सायकलच्या दुकानावर होता. बाकीची टेबलं कधीच उठली होती. त्यांचे खेळाडू चहाचे कप घेऊन भिंतीला टेकले होते, कारण कोणती जोडी क्लबच्या संघात जाणार ते या डावावर ठरणार होतं. आणखीही एक गोष्ट ठरणार होती, आणि ती सगळ्यांना माहीत होती. दादांच्या नजरेच्या मधोमध एक डाग होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. बहिणीचा धंदाच चष्म्याच्या काचा घासून बनवायचा. तिनं करून दिलेली एकही काच या डागापुढे टिकली नव्हती. मोठ्या आकड्यांची पानं वापरायला क्लबनं परवानगी दिली, पण दादा एकेक पान डोळ्यांच्या कडेनं हुडकायचे आणि लोक घड्याळाकडे बघायचे. सकाळी सेक्रेटरींनी तिला जिन्यात गाठलं होतं.

"आज संघात आलात तर काही प्रश्नच नाही. नाहीतर ताई, दादांनी आता थांबावं. तुला दुसरा जोडीदार बघू."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे जिंकू."

शेवटच्या डावात बहीण-भावांची बोली बारा हातांची झाली. तेरांपैकी एकच हात गमवायची मुभा. वकिलांनी पहिलं पान टाकलं, बदामाची राणी. बहिणीनं दोन्ही तळवे मांडीखाली दाबले. ही दादांची शिकवण. तिच्या लहानपणी ते म्हणायचे, "ठमे, हातांना फार घाई असते. त्यांच्यावर बसून विचार कर."

तिनं विचार केला तो असा. हुकूम इस्पिकचे, आणि ते भक्कम. किलवरचा एक हात जाणारच. मग चौकटीत एकही जाता कामा नये. चौकटीचा एक्का आणि गुलाम तिच्याकडे, राजा आणि दश्शी दादांच्या पानांत. राणी समोरच्या दोघांपैकी कुणाकडे, ते कळायला मार्ग नाही. अंदाज चुकला की डाव बुडाला.

म्हणून अंदाज करायचाच नाही. आधी हुकूम काढून घ्यायचे. मग आपल्या दोन्ही बाजूंचे बदाम आणि किलवर संपवत आणायचे, आणि जाणारा किलवरचा हात अगदी शेवटी द्यायचा. तो ज्याला मिळेल तो कोंडीत. त्यानं चौकट खेळली तर राणी आयती सापडते. दुसरं काही खेळला तर एका बाजूला हुकमानं कापायचं आणि दुसऱ्या बाजूनं चौकटीचं नकोसं पान फेकून द्यायचं. मात्र त्यासाठी डमीतली बदामाची दुर्री आधी स्वतःच्या हुकमानं कापावी लागणार होती. वरवर पाहणाऱ्याला ती उधळपट्टी वाटली असती.

पहिला हात तिनं बदामाच्या राजानं घेतला. दोन वेळा हुकूम खेळली, समोरच्यांचे संपले. मग बदामाची सत्ती खेळून डमीतल्या एक्क्यावर गेली. पुढचं पान डमीतून सांगायचं होतं. ती क्षणभर थांबली, सगळं पुन्हा मोजून घ्यायला. तेवढ्यात बोट.

आता पंच वकिलांच्या मागे उभे होते. दुर्री सोडून दुसरं पान सांगितलं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यानं बोट पुसलं जाणार नव्हतं, फक्त डाव नशिबावर गेला असता.

"बदामाची दुर्री," ती म्हणाली.

"वा! नेमकी तीच," वकील म्हणाले.

तिनं दुर्री कापली. किलवरचा एक्का, मग डमीतला राजा, मग तिसरं किलवर. ते वकिलांनी राणीनं जिंकलं आणि हातातल्या उरलेल्या पानांकडे बघत बसले. त्यांच्याकडे बदाम होते आणि चौकटी होत्या.

"अहो, दाढ काढायलाही मला एवढा वेळ लागत नाही," त्यांची जोडीदार, दातांची डॉक्टर, म्हणाली.

"तुमच्या पेशंटला गुंगी देतात. मी पूर्ण शुद्धीवर आहे."

शेवटी त्यांनी बदाम टाकला. बहिणीनं डमीतून चौकटीची तिर्री फेकली, स्वतःकडे हुकमानं कापलं आणि उरलेली पानं उघडी केली. उरलेले सगळे तिचेच होते, बारा हात पक्के झाले. चौकटीची राणी वकिलांकडेच निघाली.

पंचांनी खुर्ची ओढली. "दुर्री कापायचं कधी ठरवलंत?"

"डमी उघडल्यावर, माझं पहिलं पान टाकायच्या आधी. म्हणून तर एक्का डमीत राखला. दुर्री खेळायला तिथं जायला हवं होतं."

"हुकूम काढायला पहिला हात कुणीही राजानंच घेतला असता," वकील म्हणाले. "आणि ताई डमीत गेल्या त्या चौकट खेळायला. डमीतून चौकट, वर गुलाम, आणि माझी राणी त्याला खाणार. बोट दिसलं आणि बेत बदलला. मी लबाडी म्हणत नाही. पण पान सुचवलं गेलं."

बोलणं बिनबुडाचं नव्हतं. भिंतीशी उभ्या दोघांनी माना डोलावल्या.

पंच दादांकडे वळले. "बोट चुकून लागलं का?"

चुकून म्हटलं असतं तर तिथल्या तिथे मिटण्यासारखं होतं. सेक्रेटरी तर तसं पुटपुटलेही.

"चुकून कसं?" दादा म्हणाले. "मला ठाऊक होतं ती दुर्री मागणार. मला पान सापडायला वेळ लागतो, मग मंडळी सुस्कारे टाकतात. म्हणून आधीच शोधून ठेवली."

"दादा," बहीण म्हणाली.

"काय दादा? विचारलं ते सांगितलं."

"घ्या, डमीच कबूल करतोय!" वकील म्हणाले.

"कबूल काय करायचंय त्यात? शिकवलंय मी तिला. तिच्या डोक्यात काय चाललंय ते टेबलाच्या या बाजूनंही दिसतं. त्याला डोळे लागत नाहीत."

पंचांनी बहिणीकडे पाहिलं. "तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?"

"तो म्हणाला ते खरं आहे. मी म्हणाले तेही."

पंचांनी तोडगा काढला तो नियमातलाच. बाहेरगावच्या तीन नावाजलेल्या खेळाडूंना फोन करायचा. फक्त बहिणीची आणि डमीची पानं सांगायची, झालेले चार हात सांगायचे, बोटाचं काही बोलायचं नाही. पुढे काय खेळाल, एवढंच विचारायचं. दोघांनी दुर्री म्हटलं तर बारा हात कायम. नाहीतर डाव बुडाला असं धरायचं.

ते जिन्यात गेले. सेक्रेटरी पुढच्या हंगामाच्या जोड्यांचा कागद घेऊन तिच्याजवळ आले. "तोवर तुझं एकटीचं नाव तरी टाकून ठेवतो."

"दोघांची टाका. नाहीतर पेन खिशात ठेवा."

सेक्रेटरींनी पेन खिशात ठेवलं.

पंच दारातून डोकावले. पहिल्यानं क्षणाचाही विचार न करता बदामाची दुर्री सांगितली होती. दुसऱ्यानं चौकट खेळून गुलाम लावला असता.

"आणि तिसरा?" वकिलांनी विचारलं.

तिसऱ्याचा फोन एंगेज होता.

दादा टेबलावरची पानं चाचपून गोळा करू लागले. बहिणीनं मदत केली नाही; ती तळव्यांवर बसून होती. सात वाजले तेव्हा पंच जिन्यातच उभे होते, आणि फोन अजून एंगेजच लागत होता.