अक्षयबाबांच्या हंडीतले चिंचोके

सोमवारी सकाळी आठ वाजता काचीगुड्याच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. बरकतपुऱ्याच्या बायका पहाटेच येऊन पुढची जागा धरून बसल्या होत्या. मागे कचेरीत जाणारे बाबू, वकील, दुकानदार घड्याळाकडे बघत होते, पण हलत नव्हते. मध्ये लाकडी चौरंगावर पोटाला हात पुरणार नाहीत अशी पितळी हंडी. तिच्या पोटाभोवती बोटभर जाड हळदकुंकवाचा लेप, वर झेंडूचे हार. तोंडावर कापड, कापडावर लाख, आणि लाखेवर वकील मुकुंदरावांच्या अंगठीचा ठसा.

"सात दिन!" अक्षयबाबा गरजले. "सात दिवस काळ या हंडीत झोपला आहे! वैशाखाचं ऊन बाहेर, माझी थंडी आत! वकीलसाहेब, ठसा तुमचाच ना?"

मुकुंदरावांनी चष्मा सारून पाहिलं. "माझाच. अख्खा आहे."

लाख फुटली, कापड निघालं. खिचडीचा ताजा, तुपाचा वास पसरला आणि मैदानभर "अक्षयबाबा की जय!" उठलं. शेजारच्या मालनबाईंच्या डोळ्यांतून तर धारा लागल्या.

इंदुमतीच्या डोळ्यांतून काही आलं नाही. ती मालनबाईंच्या शेजारी उभी होती आणि बाबांच्या मागच्या पडद्याकडे बघत होती. पडद्याआड कढईत पुऱ्या तळल्या जात होत्या. सात दिवसांची खिचडी अमृत असेल, पण बाबा स्वतः मात्र तिन्ही वेळा ताज्या पुऱ्याच खात.

सहा आठवड्यांपूर्वी याच हंडीतला प्रसाद इंदुमतीच्या आईने घरी नेला होता. बाबांचा नियम होता: सोमवारी नेलेला प्रसाद पितळी डब्यात झाकून देवापुढे ठेवायचा आणि तीन दिवस रोज खायचा. फेकायचा नाही, कारण तो शिळा होतच नाही. आई, सावित्रीबाई, एकही घास फेकणाऱ्या नव्हत्याच. रझाकारांच्या वर्षात, कर्फ्यूमध्ये, त्यांनी भाकरीचा चुराही सांभाळून ठेवला होता. पोलीस ॲक्शन झाली, रस्ते मोकळे झाले, पण हाताची ती सवय गेली नाही. मग न नासणारं अन्न देणारा माणूस भेटल्यावर त्यांना काय वाटलं असेल, ते इंदुमतीला कळत होतं. म्हणूनच तिला आईचा राग येत नव्हता.

गुरुवारचा उपास सावित्रीबाईंनी त्या खिचडीवर सोडला, वाटीभर. रात्री उलट्या सुरू झाल्या. शुक्रवारी पहाटे त्या गेल्या. डॉक्टर एवढंच म्हणाले, "अन्नातलं विष."

बाबांनी मात्र दहाव्यालाच निकाल दिला होता. इंदुमतीचे वडील, एकनाथराव, त्यांच्या पायाशी बसले असताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "अन्न नासत नाही, बच्चा. हात नासका असतो. बाईच्या हाताला दोष होता."

एकनाथराव महसूल खात्यात तीस वर्षं पेशकार होते. कागदावर खाडाखोड दिसली की परत पाठवणारा माणूस. पण हे वाक्य त्यांनी तसंच ठेवून घेतलं. त्या दिवसापासून ते दर सोमवारी प्रसाद आणत. एकटेच खात. जणू बायकोचा दोष आपल्या जिभेवर फेडत होते.

त्या सोमवारी दुपारी डबा उघडून बसलेल्या वडिलांपुढे इंदुमती उभी राहिली.

"अप्पा, तेवढं खाऊ नका."

"तू शाळेत शिकवतेस ते मुलींना शिकव. मला नक्को."

"आईचा हात तुम्हाला ठाऊक होता. चाळीस वर्षं त्या हातचं खाल्लंत. एकदा तरी पोट दुखलं?"

एकनाथरावांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. मग पुन्हा उचलला. तेवढं इंदुमतीला पुरलं.

पुढची हंडी त्याच संध्याकाळी भरायची होती. त्यासाठी सात घरांतून एकेक वाडगा खिचडी यायची. हंडी भक्तांच्याच अन्नाने भरायची, म्हणजे बाबांवर कोणी बोट ठेवू शकत नसे. त्या आठवड्यात सातवं घर एकनाथरावांचं होतं. इंदुमतीने खिचडी शिजवली, आणि वाडगा घेऊन आधी मुकुंदरावांच्या बैठकीत गेली.

"हे काय?" वकिलांनी वाकून पाहिलं.

"नऊ चिंचोके. धुऊन घातलेत. मोजून घ्या."

"अगं इंदुमती, त्या लाखेवर माझी अंगठी उमटते. काही भलतं निघालं तर माझं नाव जाईल."

"तुमचं नाव जाईल, काका. माझी आई गेली आहे."

मुकुंदरावांनी चिंचोके मोजले. दोनदा. मग तिच्याबरोबर मैदानापर्यंत चालत आले आणि खिचडी हंडीत पडताना, लाख ओतताना, चौरंगाजवळून हलले नाहीत. ठसा उमटवला. चेल्यांनी हंडी उचलून पडद्याआडच्या खोलीत नेली. पुढचे सात दिवस त्या खोलीत उदबत्ती लावायला फक्त चेले जाणार होते.

पुढच्या सोमवारी गर्दी जास्तच होती. ठसा अख्खा निघाला. लाख फुटली. तुपाचा वास पसरला. जयजयकार झाला आणि पंगतीला द्रोण फिरू लागले.

"जरा थांबा!" इंदुमती उठून उभी राहिली. शाळेतला आवाज तिने पहिल्यांदाच शाळेबाहेर काढला. "ही खिचडी आपल्या सात घरांचीच आहे ना, बाबा?"

"शक आहे, बेटी? मोहोर तुझ्या वकीलसाहेबांची."

"मग सगळ्यांनी आपापला द्रोण चाळून बघा. माझ्या वाडग्यात नऊ चिंचोके होते. मुकुंदकाकांनी मोजलेत."

शेकडो बोटं द्रोणांत फिरली. कोणी हंडीत डाव घालून तळापर्यंत ढवळलं. मालनबाईंनी आपला द्रोण पळसाच्या पानापर्यंत उकरला. एकही चिंचोका निघाला नाही.

"विरघळले!" बाबा म्हणाले. "माझ्या हंडीत पाप विरघळतं, चिंचोका काय चीज आहे!"

"काय सांगता!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "मग तांदूळ कसा अख्खा राहिला?"

हसू फुटलं. बाबांचा चेहरा बदलला. "ही दोषी बाईची पोरगी आहे! आईचं पाप बोलतंय हिच्या तोंडून!"

 ठसा तर अख्खा होता; म्हणजे वाट त्या जाड लेपाखालीच असणार, हे इंदुमतीने ओळखलं. ती सरळ चौरंगाकडे गेली, झेंडूचा हार बाजूला केला आणि हंडीच्या पोटावरचा हळदकुंकवाचा लेप नखाने ओरबाडला. चेला धावला. मुकुंदराव मध्ये आले. "हात लावशील तर बघ. मी वकील आहे, आणि आज माझंही डोकं फिरलंय."

लेपाखाली पितळेवर केसासारखी बारीक रेघ होती. हंडीच्या पोटाला पुरा वेढा घालून आलेली.

"दत्तोबा!" इंदुमतीने हाक मारली. "तुम्ही तांबट. बघून सांगा."

म्हाताऱ्या दत्तोबांनी वाकून रेघेवरून अंगठा फिरवला आणि जीभ चावली. "हौ ताई. याला आटे आहेत. फिरकीच्या तांब्याला असतात तसे. सांधा लई बारीक केलाय हो, कारागीर चांगला आहे."

"उघडेल?"

दत्तोबांनी हंडीची मान दोन्ही हातांनी धरली आणि उलट्या दिशेने फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. हंडीचा वरचा अर्धा भाग, तोंडावर लाखेचे तुकडे तसेच ठेवून, त्यांच्या हातात आला. खालचा अर्धा भाग खिचडीने भरलेल्या पातेल्यासारखा चौरंगावर राहिला.

समजवायची गरज उरली नव्हती, तरी मुकुंदरावांनी वकिलासारखं समजावलं. मोहोर तोंडावर होती. तोंडाला कोणी हातच लावला नाही. सोमवारी पहाटे पोटातून उघडायचं, आठवड्याचं नासकं फेकायचं, ताजी खिचडी भरायची, आटे घट्ट करायचे, वरून हळदकुंकू थापायचं. "आणि मी मूर्ख," ते म्हणाले, "अंगठी घालून पहारा करत होतो तो रिकाम्या दाराचा."

दोघा जणांनी खोलीमागचा उकिरडा उपसला. बुरसटलेल्या खिचडीत सात चिंचोके सापडले. दोन कावळ्यांनी नेले असतील.

बाबा तोवर पडद्याआड गेले होते. पडदा उचलला तेव्हा फक्त कढई होती, तेल अजून तापलेलं. दोन चेले गल्लीच्या तोंडाशी पकडले गेले, तेव्हा त्यांनी आधी एकमेकांची नावं सांगितली.

एकनाथराव इतका वेळ मागे उभे होते. ते गर्दीतून पुढे आले. आयुष्यभर साहेबांपुढे हलक्या आवाजात बोललेला माणूस, पण आज आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला.

"माझ्या बायकोच्या हाताला दोष नव्हता. हे सगळ्यांनी ऐका. दोष भाताला होता. तीन दिवस पितळेत कोंडलेल्या भाताला. आणि दोष माझा होता, की मी ऐकून घेतलं."

इंदुमतीने वडिलांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

मालनबाई पदराने हात पुसत आल्या. "अगं इंदू, पण वास तर आला नव्हता तुझ्या आईला. आला असता तर तिने खाल्लं असतं का?"

"भात वासाशिवायही बिघडतो, मावशी. डॉक्टरांनी सांगितलं मला. उन्हाळ्यात दोन-तीन तास तसाच राहिला तरी बिघडायला लागतो. आणि एकदा विष धरलं की परत उकळून ते जात नाही."

"आमच्या कामवाल्या येल्लम्माकडे रोज रात्रीचा भात सकाळी खातात की. काही होत नाही त्यांना."

"ती माणसं भात पाण्यात, ताकात भिजवतात आणि आंबवून सकाळीच संपवतात. तीन-तीन दिवस देवापुढे झाकून ठेवत नाहीत. तरी उन्हाळ्यात जपूनच खावा."

"मग उरलेलं टाकायचं? अन्न ते?" मागून एका बाईने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. तिनेही कर्फ्यू पाहिला होता.

इंदुमती त्या बाईकडे वळली. आई हाच प्रश्न विचारायची.

"नाही. उरेल एवढं शिजवूच नका. उरलंच, तर ताजं असतानाच कोणाला तरी वाढा, शेजारी पाठवा. तेही झालं नाही, तर टाका. टाकलेल्या अन्नाची लाज वाटते, मलाही वाटते. पण ती लाज सोसता येते."

ती चौरंगापासून पंगतीकडे आली. पुढच्या बायका अजून द्रोण हातात धरून बसल्या होत्या. टाकावा की खावा, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

"खा, हा ताजा आहे," ती म्हणाली. "पहाटेच शिजवलाय, लबाडीने का होईना. पण घरी नेऊन ठेवू नका. आणि उद्यापासून भात कोणी दिला ते विचारू नका. तो कधी शिजला, तेवढंच विचारा."