हेडसरांची तपासणी

बदलापूरच्या एका शाळेत हेडसरांनी फर्मान काढलं, कॉम्प्युटरवर गेम्स बंद! कॉम्प्युटर शिकवणाऱ्या वृंदा मॅडमनी उल्हासनगरहून माणूस बोलावून फिल्टर बसवून घेतला. तरी रोज मधल्या सुट्टीत पोरं सरांच्या केबिनमध्ये हजर.

"सर, अजून एक गेम चालतोय!"

"दाखव!" म्हणत सर स्वतःची खुर्ची द्यायचे. पोरं अगदी मन लावून दाखवायची, आणि बोलणी खायच्या मॅडम. लॅबमध्ये तर एक गेम उघडेल तर शपथ! मॅडमचं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी एक दिवस त्या तणतणतच केबिनमध्ये शिरल्या. "सर, फिल्टर तुमच्याच कॉम्प्युटरला नाहीये!"

सर चपापले. "हां... त्या माणसाला मीच म्हटलं होतं, माझा सोड." मग दार लोटून हळूच म्हणाले, "पोरांना कळू देऊ नका हं."

"सर, मला पोरांनीच सांगितलं!"