कंदील विझवून

"आई, हे भंगारात टाकतोय गं!" माळ्यावरून शौनक ओरडला. खोक्यातून काळी वायर लोंबत होती.

"आधी खाली आण. मग ओरड," सुहासिनीबाई म्हणाल्या.

शौनक हिंजवडीहून आला होता तो आईला घेऊन जायला. मुलुंडचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि आईनं त्याच्याकडे राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. एजंट संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन येणार होता. निमित्त डोळ्यांचं. मागच्या महिन्यात जिन्यातला दिवा गेला आणि बाई पायरी चुकल्या. 'अंधारात दिसणं कमी होत जाईल, पण उजेडात निभेल,' डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याचा पहिला अर्धा शौनकनं पाठ केला, दुसरा बाईंनी. तेव्हापासून दोघं आपापला अर्धा एकमेकांना ऐकवत होते.

खोक्यात शौनकचा लहानपणचा गेम निघाला. सात बेटांच्या मालिकेतला तिसरा. पहिल्या दोन गेममध्ये घोडे, जंगलं, बोलणारे पोपट. तिसऱ्यात नुसती तळघरं, एकाखाली एक. सगळ्या पोरांनी त्याला शिव्या घातल्या होत्या. शेवटच्या तळघरात कंदील लावला की राक्षस येत आणि विझवला की काही दिसत नसे. तिथेच चौथीतला शौनक उशी तोंडावर घेऊन उठला, तो पुन्हा त्या गेमकडे फिरकला नाही.

"टीव्हीला लाव," बाई म्हणाल्या. "तुझं तळघर मी पार केलं, तर मी इथेच राहणार."

"काय आई! तुला रात्री उंबरठा दिसत नाही, यार."

"मग घाबरतोस कशाला? लाव."

शौनक हसत हसत लावायला बसला. घरातला हट्ट कोणाकडून आलाय, याचा त्याला अजून पत्ता नव्हता. शेवटच्या तळघराच्या दाराशी सोडलेला त्याचा जुना खेळ जसाच्या तसा निघाला. बाईंनी गेमचा रिमोट हातात घेतला आणि पहिल्याच पावलाला कंदील विझवला. पडदा काळा ठिक्कर.

"अगं, असं कोणी खेळत नाही!"

"तेव्हाही मी हेच सांगत होते. तू बटणाला हात लावू दिलास का?"

बाईंची सगळी नोकरी घाटकोपरच्या एका इस्पितळात, एक्स-रेच्या डार्करूममध्ये गेली. मिट्ट काळोखात फिल्मचा कोपरा बोटानं चाचपायचा, डावा हात ओट्याच्या कडेवरून सुटू द्यायचा नाही. अर्ध्या घाटकोपरची मोडकी हाडं त्यांच्या बोटांखालून गेली. मुलाला मात्र आईची नोकरी म्हणजे फिल्म धुवायच्या औषधाच्या आंबूस वासाची साडी, एवढंच ठाऊक.

गेममधला माणूस भिंतीला घासला की रिमोट हातात थरथरे. बाईंनी डाव्या भिंतीची थरथर धरली. थरथर थांबली की वळण. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, त्या आवाजाकडे त्या सरकत होत्या. जवळच काहीतरी घोरत होतं. शौनकनं नकळत पाय वर घेतले.

तेवढ्यात त्याचा फोन खणखणला. बाईंचा हात हलला, भिंत सुटली. कचकन आवाज आणि पडदा लाल.

"मेलीस. संपलं," शौनक म्हणाला. "एजंट होता. अर्ध्या तासात येतोय."

"संपलं कसं? दाराशी परत सोडतात ना? आणि डार्करूममध्ये मी काम करत असताना कोणी दार उघडलं, तर त्याची काय वाट लावायचे, ठाऊक आहे? फोन बंद कर."

त्यानं आवाज बंद केला. बाई पुन्हा आत शिरल्या. भिंत, वळण, पाणी. घोरणं कानाशी आलं, मागे पडलं. शौनकला पडद्यावर काही दिसत नव्हतं, म्हणून तो आईचा अंगठा बघत बसला. अंगठा जराही घाई करत नव्हता.

रिमोट एकदम लांबलचक थरथरला. दार. मग पडदा लख्ख उजळला. समोर सातही बेटं आणि समुद्र.

"दिसतंय का गं तुला?" शौनकनं विचारलं.

"उजेडात सगळं दिसतं मला. त्या कोपऱ्यात पोपटसुद्धा आहे. तुला दिसला का?"

फोन मुकाट्यानं लुकलुकत होता. शौनकनं तो उचलला. "हां, खालीच थांबा. येतो," म्हणाला आणि चपला घालू लागला.

"काय सांगणारेस?"

"नाही म्हणून. दुसरं काय!"

"नीट सांग हो. आणि चहाला विचार. रविवारचा तंगड्या तोडत आलाय बिचारा."

जिन्यातला दिवा अजून कोणी बदलला नव्हता. बाहेर अंधारून आलं होतं. शौनकनं फोनचा टॉर्च लावला. दारात आई उभी होती. त्यानं टॉर्च विझवला, डावा हात भिंतीला लावला आणि पायानं चाचपत पहिली पायरी उतरला.