कृष्णकमळाची वाटणी

"सर, तुमचं कृष्णकमळ जगात नाहीच," भिंगरी म्हणाली आणि सरांसाठी ठेवलेला पाण्याचा पेला तिनेच घटाघटा पिऊन टाकला.

भिंगरी ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता वनस्पतिसंग्रहालयाची प्रमुख. गळ्यात भिंग आणि पायांना भिंगरी, म्हणून वर्गात पडलेले नाव अजून टिकले होते. सरांनी उभ्या आयुष्यात एकाच वनस्पतीला नाव दिले होते, एका कृष्णकमळाला, आणि तेही बायकोचे. बायको जाऊन दीड वर्ष झाले होते. आल्यागेल्याला ते सांगत, "ती गेली, पण वेलीवर आहे."

"नाही म्हणजे? नाव देताना जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याला कीड लागली का?"

"कीड परवडली असती! तुमच्या नमुन्याच्या कागदावर पानं एका वेलीची आहेत आणि फूल दुसरीचं. पानांचे देठ केसाळ, फुलाचा गुळगुळीत. तुम्ही नमुना तोडलात त्या कुंपणापाशी मी जाऊन आले. दोन वेली एकमेकींत अशा गुंतल्यात की वेगळ्या काढताना माझे हात सोलवटले. म्हणून तर इतकी वर्षं अभ्यासकांची भांडणं चाललीत. पानं बघणारे एकीला तुमचं नाव देतात, फूल बघणारे दुसरीला."

सूनबाई चहा घेऊन दारात उभी होती. "म्हणजे बाबांनी धड एकीचं घेतलं आणि मुंडकं दुसरीचं?"

सर एकदम हसायला लागले. "अगं, आम्ही दोघांनी मिळून तोडलं ते. लग्नाला महिना झाला नव्हता. ती म्हणाली, तुम्ही पानं घ्या, फुलाचं मी बघते, आणि गेली कुंपणाच्या पलीकडे. मी अलीकडे, ती पलीकडे, मधे वेली. आमचं बोलणं काही थांबेना. हात काय तोडतोय इकडे लक्ष कुणाचं होतं!"

"सर, एवढा मोठा शास्त्रज्ञ..."

"तेव्हा नवरा होतो." त्यांनी चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "आता तिच्या नावाचं काय?"

भिंगरीने खुर्ची पुढे ओढली. "नाव मरत नाही. नमुन्याची वाटणी करायची आणि एका अर्ध्याला ते द्यायचं. पण फुलाच्या वेलीला आपल्याआधीच कुणीतरी नाव दिलेलं आहे. तिकडे गेलं, तर जुनं नाव चालणार आणि काकूंचं बाद. पानांची वेल मात्र बिननावाची आहे."

"मग पानांना देऊन टाका की! एवढं काय त्यात?" सूनबाई म्हणाली.

"नाही, वहिनी. सरांनी तेव्हा छापलेल्या वर्णनाशी जो अर्धा जास्त जुळेल, त्यालाच द्यायचं."

"मग जुळवून बघ," सर म्हणाले. "आणि माझ्या तोंडाकडे बघू नकोस. लबाडी करून नाव राखलंस तर ती वरून माझा कान धरेल."

भिंगरीने वर्णनाची प्रत काढून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पानांचा आकार, कडा, शिरा, देठावरचे केस, देठावरच्या गाठी... सरांनी डोळे मिटून घेतले होते. वाचता वाचता भिंगरी थांबली.

"फुलाबद्दल फक्त 'पांढरट' लिहिलंय. बाकी काहीच नाही?"

सरांनी डोळे उघडले. "कुठून लिहिणार? नमुने दाबायच्या फळ्यांचा पट्टा वाटेत तुटला. तर ही म्हणाली, काळजी कसली करता, मी आहे ना! आणि बसमध्ये सगळ्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसली. खड्डा आला की म्हणायची, बघा कसं छान दाबलं जातंय! घरी येऊन उघडलं तर पानं झकास, फुलाचं पोतेरं. मोजायला एक पाकळी धड नव्हती."

"म्हणजे सगळं वर्णन पानांचंच," भिंगरी म्हणाली. "सर, नाव पानांच्या वेलीचं. राहिलं! आणि यात माझी काडीची लबाडी नाही."

"म्हणजे आईंनी फुलावर बसून स्वतःचं नाव राखलं," सूनबाई म्हणाली आणि तिघेही असे हसले की शेजारीण काय झाले ते बघायला आली. तिला सगळे समजावताना सरांनी दोनदा चष्मा पुसला. गार झालेला चहा त्यांनी एका घोटात संपवला आणि आणखी मागितला.

भिंगरीचा लेख तीन महिन्यांनी छापून आला. भांडणारे दोन्ही पक्ष गप्प झाले. पानांच्या वेलीचे नवे वर्णन सरांनी आणि तिने मिळून लिहिले. त्यात खोड आहे, पाने आहेत, देठ आहेत. फुलाची जागा कोरी आहे. भिंगरी गेली होती तेव्हा ती वेल फुलावर नव्हती आणि त्यानंतर तिकडे कुणाचे जाणे झालेले नाही. बायकोच्या नावाच्या वेलीला फूल कसे येते, ते सरांनी अजून पाहिलेले नाही.