वळणाखालचं घर

लोरेनने रंगाचा डबा डाव्या हाताने उचलून डिकीत ठेवला, तेव्हा वेंडलने वाकून त्यावरची चिठ्ठी वाचली. निळा रंग होता, होड्यांना लावतात तो, खाऱ्या पाण्याला दाद न देणारा.

"हा कशाला?" त्याने विचारलं.

"त्या माणसाला. वर्षानुवर्षं होडी घासत बसलाय बिचारा. रंग कुणी हातात आणून दिल्याशिवाय ती काही पाण्यात जायची नाही." तिने डिकीचं झाकण कोपराने ढकललं. "या खेपेला मी ते घर बघणार आहे. गाडी पुढे कुठेतरी लावू, चालत मागे येऊ आणि उतरू खाली."

वेंडल 'बरं' म्हणाला. दुसरं काय म्हणणार? ते घर नव्हतंच. घर नव्हतं, होडी नव्हती, तो माणूसही नव्हता. सगळं वेंडलने तोंडाने बांधलेलं होतं, आणि त्या घरात लोरेन जवळजवळ तीस वर्षं मनाने ये-जा करत होती.

दर सप्टेंबरात, द्राक्षांच्या तोडणीच्या दिवसांत, ही दोघं नवरा-बायको आपल्या गावाहून, अॅस्टोरियाहून, गाडी काढत. आधी ओरेगनचे मळे, मग किनाऱ्याकिनाऱ्याने खाली कॅलिफोर्नियात. वाटेत वायनरी दिसली की थांबायचं, दोन-चार वाइन चाखायच्या, आवडली तर बाटली घ्यायची आणि पुढे निघायचं. ठरलेलं असं होतं की वेंडलने प्यायचं आणि लोरेनने थुंकायचं. गाडी कुणीतरी चालवायलाच हवी ना. लोरेनचं आयुष्य गावच्या वाचनालयात गेलेलं. ती घोट घ्यायची, तोंडात फिरवायची आणि समोरच्या भांड्यात अशी टाकायची की ओठाला थेंब लागू नये. वेंडलने जन्मभर फर्निचर विकलं, बोलण्यावरच पोट भरलं. पोटात दोन पेले गेले की त्याच्या जिभेला चाकं फुटत.

पहिल्या वर्षी असंच झालं. मेंडोसिनो गावाच्या दक्षिणेला तो रस्ता कड्याच्या अगदी कडेने जातो. कठडा नाही, आणि खाली पाहिलं की सरळ पाणी. लोरेनला त्या रस्त्याची धास्ती बसली. पांढरीफटक पडून स्टिअरिंग आवळून बसलेली, ओठ मिटलेले, खांदे कानाला लागलेले. दक्षिणेकडे जाताना समुद्र येतो उजवीकडे, शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. वेंडल खाली बघत होता. नुसता खडक आणि फेस होता. सगळ्यात वाईट वळण आलं तसा तो म्हणाला, "अगं, खाली एक घर आहे."

"कुठे?" लोरेन म्हणाली. तासाभरात तिने काढलेला तो पहिला शब्द होता.

"तू बघू नकोस, रस्त्याकडे बघ. मी सांगतो. पांढरं आहे. अंगणात एक होडी पालथी घातलीय. एक माणूस ती घासतोय. आणि त्याची बायको कपडे वाळत घालतेय, त्याच्याकडे पाठ करून."

"पाठ का करून?"

"घासून घासून हा ती होडी कधी पुरी करत नाही म्हणून."

लोरेन हसली. तिचे खांदे खाली आले आणि वळण कधी मागे पडलं ते दोघांनाही कळलं नाही. त्या वळणावर थांबायला जागा नव्हती आणि परतीला ती नेहमी आतला, सपाट रस्ता धरायची. त्यामुळे ते घर वर्षातून एकदा, आणि तेही वेंडलच्या तोंडूनच, तिच्या वाट्याला यायचं.

पुढे ते घर त्यांच्या संसारातच येऊन राहिलं. एका वर्षी वेंडलने लोरेनच्या आईचा पियानो तिला न विचारता विकला होता आणि सहलीभर तिने अबोला धरला होता. वळणावर तो हळूच म्हणाला, "आज त्या बाईने खुर्ची नवऱ्यापासून लांब मांडलीय. पार कुंपणापाशी नेऊन ठेवलीय."

"बरं केलं," लोरेन म्हणाली.

"पण हे बघ, आता उठली. त्याला कॉफी आणून देतेय."

"काळी का दुधाची?"

"काळी."

"मग अजून रागावलेलीच आहे." पण असं म्हणताना तिचा आवाज निवळला होता, आणि त्या रात्री जेवताना तिने स्वतःहून मीठ पुढे केलं.

या वर्षी मात्र सगळंच उलटं झालं होतं. जुलैत लोरेन मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. त्या पायऱ्यांना एके काळी लाकडी कठडा होता. रंग द्यायचा म्हणून वेंडलने तो उतरवला, अर्धा घासला आणि गॅरेजमध्ये उभा करून ठेवला, त्याला कितीतरी वर्षं झाली. दवाखान्यात, घरी, नंतरही, लोरेन त्याविषयी चकार शब्द बोलली नाही. 'कठडा असता तर' एवढं जरी ती म्हणाली असती तरी वेंडलला हायसं वाटलं असतं. ती बोलली नाही, म्हणून तो शब्द त्याच्या छातीवर बसून राहिला. हातात घेतलेलं काम पुरं न करणारा नवरा तिने आजवर चालवून घेतला. तो इतकी वर्षं डोळ्यांत धूळ फेकत आलाय हे कळलं, की मग काय? या वयात तिने खुर्ची कुंपणापाशी नेली, तर ती परत आणायला लावेल असं दुसरं घर तो कुठून काढणार होता?

तर आता गाडी वेंडलकडे होती, पेला लोरेनकडे. थुंकणं काही सोपं नसतं हे त्याला पहिल्याच वायनरीत कळलं. ओरेगनपासून त्याच्या शर्टावर डाग पडत आले होते. लोरेनने मात्र घोट गिळायला सुरुवात केली आणि तिच्यातली एक वेगळीच बाई जागी झाली. ती खिडकीची काच खाली करून बसे, वाऱ्यात हात सोडे, आणि रेडवूडच्या जंगलातून जाताना झाडांच्या शेंड्यांकडे बघत काहीतरी गुणगुणे. "तू हे सगळं बघत होतास होय रे इतकी वर्षं?" ती म्हणे. "आणि मी बघत होते रस्त्यावरची पिवळी रेघ."

समुद्राआधीच्या शेवटच्या खोऱ्यात ते एका लहानशा वायनरीत थांबले. दुपार कलली होती. पिंपांतून आंबट-गोड वास येत होता, उन्हात गांधीलमाश्या घोंघावत होत्या, आणि वाइन ओतून देणारी बाई, इनेझ तिचं नाव, प्रत्येक पेल्याबरोबर पावाचा तुकडा आणि शेळीच्या दुधाचं चीज पुढे करत होती. लोरेनने पिनो नावाच्या लाल वाइनचा घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कशी वाटली?" इनेझने विचारलं.

"पाऊस पडून गेल्यावर आमच्या वाचनालयाचं दार उघडलं की यायचा, तसा वास आहे," लोरेन म्हणाली. "अजून थोडी दे."

"घ्या ना. गाडी कोण चालवतंय?"

"हे महाराज. शर्ट बघ म्हणजे कळेल."

वेंडलने ठरवलं, आत्ताच सांगून टाकू. ती खुशीत आहे, ऊन आहे, चारचौघांत ओरडणारही नाही. "लोरेन," तो म्हणाला, "त्या घराविषयी मला जरा..."

"अगं हो, इनेझ, तुला सांगायचंच राहिलं. उद्या आम्ही एका घरी जाणार आहोत. कड्याखाली आहे, मोठ्या वळणावर. पांढरं घर. तिथला माणूस होडी दुरुस्त करतोय."

इनेझने बाटली खाली ठेवली. "मोठ्या वळणावर? तिथे कुठलं घर? मी लहानपणापासून त्या रस्त्याने..."

वेंडलच्या कोपराचा धक्का लागून पेला आडवा झाला. मुद्दाम लावला असं म्हणायला हरकत नाही. लाल वाइन फळीवरून वाहत त्याच्याच मांडीवर आली. इनेझ फडकं आणायला धावली आणि बोलणं राहून गेलं. लोरेनने नवऱ्याच्या पँटकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"थुंकता येत नाही तर नाही," ती म्हणाली, "निदान सांडू नये माणसाने."

सकाळी समुद्रकाठच्या त्या खेड्यात धुकं इतकं दाट होतं की खाणावळीच्या खिडकीतून समोरची गाडीसुद्धा दिसत नव्हती. वेंडलचा जीव भांड्यात पडला. धुक्यात कुणाचंही घर दिसत नाही, खरं असो की खोटं. त्याने दोन अंडी जास्त मागवली.

"लवकर निघू या," तो म्हणाला. "आहे तोवर."

"काय आहे तोवर?"

"म्हणजे, गर्दी नाही तोवर."

पण रस्त्यावर आल्यावर त्याचं शहाणपण त्याच्याच अंगाशी आलं. हा रस्ता त्याने तीस वर्षं पाहिला होता, चालवला एकदाही नव्हता. शेजारी बसून सुंदर वाटणारा तो कडा आता चाकापासून हातभर अंतरावर होता. समोर पांढरा कापूस, मधूनच एक पिवळी रेघ, मधूनच काहीच नाही. खालून लाटांचा आवाज येत होता आणि तो फार खालून येत होता. लोरेन इतकी वर्षं एक शब्द न बोलता हे करत होती, आणि आपण पेला रिचवून शेजारी गप्पा मारत होतो, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"घाबरलास?" लोरेनने विचारलं.

"छे."

"तुझे खांदे कानाला लागलेत."

मोठं वळण जवळ आलं, आणि नेमकं तिथेच धुकं सुटायला लागलं. आधी वर आकाशाचा तुकडा दिसला, मग डोंगराची कड, मग सगळा समुद्र एकदम उघडा पडला, निळा, झगझगीत, डोळ्यांत मावेना असा. वेंडलला मान वळवायची सोय नव्हती. वळण तीव्र होतं आणि रस्ता ओला होता. लोरेन खिडकीला कपाळ टेकून खाली बघत असल्याचं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून तेवढं दिसलं.

खाली काय आहे ते त्याला पाठ होतं. खडक आणि फेस. तिलाही आता तेच दिसत असणार. गाडी हळूहळू सरकत होती. वेंडलला वाटलं, वाइन विकणाऱ्या बाईने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हे असं बघायला नको होतं तिने.

"लोरेन," तो म्हणाला. "मला तुला..."

"रस्त्याकडे बघ," ती म्हणाली. "मी सांगते."

वेंडल रस्त्याकडे बघत राहिला.

"घर पांढरंच आहे," लोरेन म्हणाली. तिचा आवाज हळू होता, झोपेतून उठलेल्या माणसासारखा. "छपराला नवीन फळ्या घातल्यात. तू हे बोलला नाहीस कधी."

"मागच्या वर्षी नव्हत्या," वेंडल कसाबसा म्हणाला.

"दोरीवर कपडे आहेत. दोन पांढरे शर्ट, आणि वाइनचे डाग पडलेली एक पँट. ते डाग काही जायचे नाहीत, पण तिने वाळत घातलीय." ती थांबली. "होडी दिसत नाही."

"नाही?"

"अंगण रिकामं आहे. ठोकळे तेवढे आहेत, ज्यांवर ती पालथी घातली होती." वळण अर्धं सरलं होतं. तिने काचेवर बोट ठेवलं. "थांब. ती बघ, पाण्यात आहे. गेली की रे पाण्यात. तो वल्ही मारतोय. काही येत नाही त्याला, वाकडीतिकडी चाललीय, पण चाललीय."

वेंडलचे डोळे भरून आले. रस्ता पुसट व्हायला लागला म्हणून त्याने बाहीने चटकन डोळे पुसले. तिला कळलं होतं. अगदी सगळं कळलं होतं, आणि तरी तिने ते घर जागच्या जागी राहू दिलं होतं.

"आणि ती?" त्याने विचारलं. "ती कुठे आहे? कुंपणापाशी?"

"ती होडीत आहे," लोरेन म्हणाली. "पुढे बसलीय, पाय पसरून. आयुष्यात पहिल्यांदा काही न करता बसलीय आणि समुद्र बघतेय."

वळण संपलं. रस्ता सरळ झाला, थोडा रुंदही झाला, आणि कडेला गाडी लावण्याजोगी जागा आली. वेंडलचे खांदे केव्हाच खाली आले होते.

"थांबवू का?" त्याने विचारलं.

"कशाला? घरी कुणी नाहीय." लोरेनने सीट मागे केली आणि प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला. "चल पुढे. पुढच्या वायनरीत आज मी लाल सोडून पांढरी घेणार आहे."

गवताळ उतारांवर गाई चरत होत्या, खाली पाणी चमकत होतं, आणि प्रत्येक वळणाला डिकीतला डबा या कडेवरून त्या कडेला घरंगळत होता.

"मग त्या रंगाचं काय करायचं?" शेवटी वेंडलने विचारलं.

"परत न्यायचा," लोरेन डोळे मिटूनच म्हणाली. "आपल्या कठड्याला पुरेल."