पालथे सात दिवस

डॉक्टर मोजकंच बोलले. डोळ्याचा सुटलेला पडदा जागेवर बसवला आहे. तो तिथे चिकटावा म्हणून आत वायूचा बुडबुडा सोडला आहे. बुडबुडा वर चढतो, म्हणून चेहरा जमिनीकडे हवा. जेवताना, झोपताना, सगळा वेळ. सात दिवस.

"दिसेल ना?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"दिसावं. खात्री देत नाही."

मास्तर कापड बेतायचे. दुकानात दोघंच, तीस वर्षं कात्री त्यांच्या हातात, शिलाई आणि काजं-बटणं बायकोकडे. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी असाच गेला होता. त्या वेळी चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून ते उठून दुकानात गेले, एक कोट बेतला, आणि आठवड्याभरात त्या डोळ्यासमोर अंधार झाला. उठल्यामुळेच गेला का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मास्तरांनी मात्र स्वतःपुरता निकाल देऊन टाकला होता.

आता उजवा, म्हणजे शेवटचा. बायकोने कापूस भरून गोल उशी शिवली. मधल्या भोकात चेहरा घालून मास्तर टेबलावर ओणवे बसायचे.

धाकटी बहीण मदतीला आली होती. "जन्मात कुणापुढे मान खाली घातली नाहीस दादा," ती म्हणाली. "आता बस हप्ताभर."

चौथ्या दिवशी बायको दुकानातून लवकर परतली. हातात लोकरी कापड होतं.

"अहो, शाळेतल्या त्या बदली झालेल्या बाई. शनिवारी गाडी आहे त्यांची. तिकडे कडाक्याची थंडी असते. कोटाचं कापड परत करू का?"

"टेबलावर पसर. पाच मिनिटांचं काम आहे." मास्तरांनी उठण्यासाठी दोन्ही हात टेकले.

"दादा, हललास तर त्या उशीला तुझे कान शिवून टाकीन!"

बायकोने कापड पसरलं नाही. मास्तरांना तिचा श्वास ऐकू येत होता. थोड्या वेळाने त्यांनी हात मांडीवर घेतले.

"कापड माझ्या हाताखाली दे." त्यांनी तळवा फिरवला. "लव या बाजूला जाते. सगळे भाग याच दिशेने मांड, नाहीतर एक बाही उजळ दिसेल, एक काळपट."

"मी बेतू?"

"मग कोण? मला तर नाकाखालचं टेबलसुद्धा दिसत नाहीये."

तिने मापं वाचली, खडूने आखलं. शिलाईसाठी नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त सोड, चुकलीस तर तेवढ्यात सावरता येईल, असं त्यांनी सांगितलं. कात्री चालू लागली.

"मिटलीस. कात्री पुरती मिटायची नाही, कड दातेरी होते."

"नाही मिटली. टेबलाला लागली."

"खोटं बोलतेस."

"बरं, मिटली. पुढे बोला."

मुंढ्याची गोलाई आली, जिथे बाही खांद्याला मिळते. कात्री थांबली. कापड एवढंच होतं. मास्तरांचे खांदे ताठ झाले, मान इंचभर उचलली गेली. मग त्यांनी कपाळ पुन्हा उशीत रुतवलं.

"सावकाश," ते म्हणाले. "बाई शनिवारी जाणार आहेत, आत्ता नाही."

कात्री पुन्हा चालू लागली. या वेळी त्यांनी एकदाही टोकलं नाही.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी हात समोर धरला. मास्तरांना तो पाण्याखाली असल्यासारखा दिसला. बोटं मोजता आली नाहीत. पडदा आज जागेवर आहे, डॉक्टर म्हणाले. बुडबुडा विरेल तशी नजर वरून मोकळी होत येईल. किती, ते पुढचे सहा आठवडे सांगतील.

मास्तर घरीच राहिले. दुकान बायको उघडायची. रोज सकाळी ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि डोळ्यातल्या बुडबुड्याच्या डचमळत्या रेषेच्या वर काही दिसतं का, ते बघत. अकराव्या दिवशी तिथे खिडकीची वरची चौकट दिसली. वाकडी होती, पण होती. बायको स्वयंपाकघरातच होती. त्यांनी हाक मारली नाही. उद्या सकाळी चौकट पुन्हा दिसली, तरच तिला सांगायचं त्यांनी ठरवलं.