टकटकची बैठक

मित्रांनो, माझ्यावर एक मुलगी बसते म्हणून मला स्टूल समजू नका. मी एक जुना स्पीकर आहे. लाकडी खोका, पुढे जाळी, कोपरे झिजलेले.

एका सुतारानं मला सभागृहासाठी बनवलं. तिथे मी वर्षानुवर्षं भाषणं ओकली. लोक जांभया देत आणि शेवटी टाळ्याही वाजवत. पुढे माझा पडदा फाटला, आवाज घोगरा झाला. सभागृहवाले मला दुरुस्तीच्या दुकानात टाकून गेले ते गेलेच.

दुकानदाराची मुलगी शाळेतून आली की माझ्यावर बसून अभ्यास करायची. लहानपणी तापात तिचे कान गेले होते, हातांच्या खुणा आणि समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. एकदा वडिलांनी मला तपासायला गाणं लावलं, तर ही टुणकन उठली.

"बाबा, हा खोका बोलतोय!"

वडिलांनी हातानंच विचारलं, काय बोलतोय?

"धाड धाड! परत लावा ना!"

वडील डोळे पुसत राहिले. मला त्यात रडण्यासारखं काही दिसलं नाही. माझं कामच ते.

तेव्हापासून ती दोन पेन्सिलींनी दिसेल ते बडवू लागली आणि घरात तिचं नाव पडलं टकटक. मोठी झाल्यावर पेन्सिलींच्या जागी ड्रमच्या काठ्या आल्या, मग बँड जमला. गायिका परक्या देशातून आलेली, रागावली की स्वतःच्या भाषेत भांडायची. गिटारवाला मुलगा झगा घालायचा, काजळही. बास गिटार वाजवणारा इतका लाजरा की लोकांकडे पाठ करून वाजवायचा. गाणी पॉप-पंक, म्हणजे तीन कॉर्ड, सुसाट वेग आणि उड्या. रॉक सगळ्यांसाठी आहे, असं सांगत ते मलाही व्हॅनमध्ये घालून गावोगाव फिरू लागले.

बासची वायर माझ्या पाठीत आणि टकटक माझ्या डोक्यावर. ठेका माझ्यातून थेट तिच्या अंगात शिरायचा. नव्या गावात लोक आधी कुजबुजत, "बहिरी मुलगी ताल काय धरणार?" दोन गाण्यांनंतर तेच नाचत.

एकदा मोठ्या मैदानावर कार्यक्रम होता. तिचे वडील पहिल्यांदाच तिला मंचावर बघणार होते. गायिकेनं त्यासाठी भला मोठा कापडी फलक रंगवून घेतला होता, 'इथे सगळ्यांना जागा!' फलक लावल्यावर मंचावर दाटी झाली.

"हा खोका राहू दे व्हॅनमध्ये," गायिका म्हणाली. "आयोजक मऊ खुर्ची देतायत. टकटकला बरं वाटेल."

टकटक तेव्हा वडिलांना बसवायला गेली होती. ती परतली तेव्हा बँडचं नाव पुकारून झालं होतं. बिचारी बसली खुर्चीवर.

व्हॅनमधून मला सगळं ऐकू येत होतं. ड्रम पुढे, गाणं मागे. लोक हसायला लागले. "तरी मी म्हणत होतो!" कुणीतरी ओरडलं. मग सगळंच थांबलं.

थोड्या वेळानं व्हॅनचं दार उघडलं. टकटक घामाघूम होऊन उभी होती, मागे गायिका. टकटकला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ती हळू बोलली तरी चार घरं ऐकतात. त्या दिवशी तर ती चिडली होती.

"मला विचारायचं तरी होतंस!"

"अगं, तुझ्या सोयीसाठीच..."

"माझी सोय मला माहीत आहे ना!"

सगळ्या मैदानानं ऐकलं. टकटकनं माझ्या बाजूची एक कडी धरली. गायिकेनं दुसरी पकडली. "चुकलंच माझं. उचल," ती म्हणाली.

गर्दीतून दोघींनी मला मंचावर नेलं. पण तिथल्या फळ्या उंचसखल होत्या आणि मी डुगडुगायला लागलो. गायिकेनं इकडेतिकडे पाहिलं, तो फलक खाली ओढला, घडी केली आणि माझ्या बुडाखाली सारला. बासवाल्यानं वायर माझ्या पाठीत खुपसली, टकटक बसली. तिनं काठ्या उचलल्या आणि या वेळी ड्रम, गाणं, उड्या, सगळं एकत्र निघालं. वडील अगदी पुढे उभे होते, डोळे पुसत. ते का रडतात, हे मला तेव्हा कळलं.

मित्रांनो, कुणासाठी काही करायला निघालात तर आधी त्याला विचारा, एवढीच विनंती. आणि जुन्या स्पीकरची जाळी अधूनमधून पुसा, धूळ फार बसते.

तो फलक अजून माझ्याखालीच असतो. अक्षरं पुसट झालीत, पण मी डुगडुगत नाही.